एकोणपन्नास गुण

७ जानेवारी, सोमवार

मार्गोने सकाळी बोलावलं आणि म्हणाली, "दार लोटून घे." अकरा वर्षांत तिने मला दार लोटायला सांगितलेलं नाही.

मार्गो आमच्या कॉलेजची डीन. तिने एक कागद पुढे सरकवला. एक जुलैपासून प्रत्येक विभागप्रमुखाकडे चार वर्षांची पदवी हवी. नसेल त्याने खालच्या पदावर जायचं. मी परीक्षा केंद्राची प्रमुख, आणि माझ्याकडे पदवी नाही. मार्गोला हे पहिल्यापासून ठाऊक आहे, अर्जात मी कधी खोटं लिहिलेलं नाही. तरी चोरी सापडल्यासारखे माझे कान तापले.

"तू शिक्षण अर्धवट सोडलंस तेव्हाचे किती क्रेडिट आहेत तुझे?"

"सत्त्याऐंशी."

"लागतात एकशेवीस. म्हणजे तेहेतीसच राहिलेत! गेल, तुझ्याच खोलीत लोक येतात, दीड तास परीक्षा देतात आणि वर्गात पाऊल न टाकता तीन क्रेडिट खिशात घालून जातात. तूही घे की."

"माझ्या खोलीत मला बसता येत नाही. नियम आहे."

"मग दुसऱ्याच्या खोलीत बस."

ती हसली, म्हणून मीही हसले. टेबलावर ताटलीत लिंबाची एकच वडी उरली होती. तिने अर्धी मोडून मला दिली. दुपारी गेले तेव्हा उरलेल्या अर्धीची चतकोर झाली होती. आमच्याकडे शेवटचा घास कोणी घेत नाही.

घरी नवऱ्याला, ड्वेनला, सांगितलं. तो बीटच्या साखर कारखान्यातून नुकताच आला होता, अंगाला उकडलेल्या बीटचा वास. म्हणाला, "म्हणजे अकरा वर्षं तू परीक्षेआधी लोकांचे खिसे उलटे करतेयस, आता कोणीतरी तुझे करणार. मला बघायला मिळेल का?"

मला हसू आलं नाही.

१३ जानेवारी, रविवार

आमचं कॉलेज दोन वर्षांचं, इथे पदवी मिळत नाही. तेव्हा असं कॉलेज हवं जे माझे जुने क्रेडिट घेईल, परीक्षांचे घेईल आणि जूनच्या आत मला मोकळं करील. स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन कॉलेजांचे कागद मांडले.

सेंट ऑल्डन. नावाला वजन आहे, मार्गो तिथलीच. पण बाहेरचे साठच क्रेडिट घेतात, बाकी सगळं त्यांच्या वर्गात बसून. म्हणजे दोन वर्षं.

ब्लू प्रेअरी. जुने सगळे घेतात, परीक्षांचे तीस घेतात. पण दोन विषय त्यांच्याकडेच करायचे, तेही उन्हाळी सत्रात. पदवी ऑगस्टअखेर. तोवर माझं पद गेलेलं असणार.

केंडल फॉल्स. जुने सगळे घेतात, मी एकोणिसाव्या वर्षी मिळवलेला, चेंडूने बाटल्या पाडायच्या बोलिंगचा एक क्रेडिटसुद्धा. परीक्षांना मर्यादाच नाही. त्यांचा स्वतःचा एक विषय, तोही घरून. बारा जूनपर्यंत सगळं पोचलं तर पदवीवर तीस जूनची तारीख.

इतकं सोपं असेल तर त्यात काहीतरी खोट असणार. त्यांची मान्यता मी चार ठिकाणी तपासली. चारही ठिकाणी खरी निघाली. मग वाटलं, जे कॉलेज बोलिंगला मान देतं त्याच्या पदवीला कोण मान देईल? आणि ज्या बाईने बोलिंगमध्ये क्रेडिट मिळवला तिने हा प्रश्न विचारावा का?

ड्वेन म्हणाला, "तू साखर आणायला गेलीस तरी आधी पोत्याला भोक आहे का ते बघत बसशील. तोवर दुकान बंद."

२२ जानेवारी

केंडल फॉल्सच्या सल्लागार बाईंशी बोलले. ओझेला प्रॅट. आवाजावरून साठीच्या, दक्षिणेकडच्या. पहिल्या वाक्यापासून मला अगं-तुगं करत होत्या, आणि मला ते आवडलं.

"तू लिंडहोमच्या केंद्रातली गेल ब्रेक्के? अगं, तुझी सही मी किती कागदांवर पाहिलीय! दरवर्षी तुझ्याकडून दोघंतिघं येतात. आणि तू स्वतः अजून बाहेरच उभी?"

मी म्हटलं, "हो."

हिशेब असा ठरला: एक विषय त्यांचा, म्हणजे तीन क्रेडिट. उरलेले तीस आठ परीक्षांतून. दोन मोठ्या, सहा-सहाच्या, आणि सहा लहान. गुण वीस ते ऐंशी या मापात देतात आणि पन्नासला पास. नापास झालं तर तीच परीक्षा तीन महिने देता येत नाही. हे मी हजार लोकांना तोंडपाठ सांगितलंय. आज कोणीतरी ते मला सांगत होतं आणि मी लिहून घेत होते.

म्हणजे मार्चच्या मध्यानंतर एकदा जरी नापास झाले तर ती परीक्षा माझ्यापुरती संपली.

फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "मग आलीस ना आमच्याकडे?" मी म्हणाले, विचार करून कळवते. दोन तासांनी परत फोन करून हो म्हटलं. त्या दोन तासांत मी कपाट आवरलं.

२ फेब्रुवारी, शनिवार

पहिली परीक्षा. जवळात जवळचं दुसरं केंद्र नव्वद मैलांवर. बाहेर उणे एकवीस.

पहाटे उठले तर ड्वेन आधीच उठलेला. इंजिन गोठू नये म्हणून रात्री लावलेला गाडीचा विजेचा प्लग काढून इंजिन चालू करून ठेवलं होतं, काचा खरवडलेल्या. म्हणाला झोप येत नव्हती. त्याला सुट्टीच्या दिवशी झोप कशी येत नाही कोण जाणे.

त्या केंद्राचा प्रमुख आर्लो स्ट्रँड. आमची ओळख फक्त ईमेलवरची. उंच, खांदे पडलेला माणूस. त्याने मला ओळख दाखवली नाही, तसंच हवं. "खिसे उलटे करा, मॅडम." डाव्या खिशातून नाक पुसायचा एक कागद निघाला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. शरमेने माझी मान खाली गेली. मी लोकांचे कागद असेच पाहते.

केंद्रात काम करणाऱ्यांना एक जादा घोषणा करावी लागते: या परीक्षेतला कुठलाही प्रश्न मी कामाच्या निमित्ताने पाहिलेला नाही. सही केली. अकरा वर्षं मी उमेदवारांच्या पाठीमागून चालते आणि संगणकांच्या पडद्यांच्या वरून, भिंतीकडे बघत चालायची सवय मुद्दाम लावून घेतलीय. तरी सही करताना वाटलं, डोळा कधी घसरलाच नसेल कशावरून?

एकसष्ट गुण. सहा क्रेडिट. नशीब.

११ फेब्रुवारी

आज एका उमेदवाराने सहज विचारलं, तुम्ही कुठे शिकलात? मी नेहमीचं सांगितलं. शेवटच्या वर्षाला होते, आई आजारी पडली, सोडावं लागलं. तो बिचारा हळहळला.

ही वही माझीच आहे, म्हणून लिहिते. आई फेब्रुवारीत आजारी पडली. मी डिसेंबरात सोडलं. सोळा डिसेंबरला सगळ्या विभागापुढे उभं राहून माझा प्रबंध सांगायचा होता. पंधराला मी सामान बांधलं आणि बसने घरी आले. आईला सांगितलं, तुझी आठवण आली. दोन महिन्यांनी ती खरंच आजारी पडली. तेव्हा दुःखाच्या आत कुठेतरी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

ड्वेनलाही हे माहीत नाही. निदान मी सांगितलेलं नाही.

१४ मार्च

चार झाल्या. एकसष्ट, सत्तावन्न, त्रेपन्न, छप्पन्न. आकडे उतरत चाललेत असं मला दिसतं. ड्वेनला चारही पास दिसतात.

केंद्रात काहीतरी शिजतंय. माझा मदतनीस वेस, एकोणतीस वर्षांचा, पदवी असलेला. मार्गो आज त्याला विचारत होती, "शनिवारी केंद्र तू एकटा सांभाळशील ना? अगदी गेल नसली तरी?" तो म्हणाला, सांभाळीन. तिने डायरीत काहीतरी टिपलं. मग माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "पुढच्या परीक्षा कधी आहेत तुझ्या? सगळ्या तारखा दे मला." तारखा कशाला हव्यात? मी कुठे अडखळते ते बघायला?

वेस माझ्या टेबलावर सरावाची पुस्तकं ठेवून जातो. आज समाजशास्त्राचं होतं, पानापानांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. "बॉस, हे माझं जुनं. पडूनच होतं." पुस्तक कोरं करकरीत होतं. बहुतेक त्याने कधी उघडलंच नसावं.

१३ एप्रिल, शनिवार

नदी रस्त्यावर आली. हमरस्ता बंद, आजची परीक्षा रद्द. ड्वेन कालपासून वाळूची पोती भरायला गेलाय. खरं सांगायचं तर रस्ता बंद झाल्याचं ऐकून मला पहिल्यांदा आनंद झाला. शेजाऱ्यांच्या तळघरात पाणी शिरलंय आणि मला आनंद झाला. मी कसली माणूस आहे?

मग दिवसभर मीही पोती भरली. शंभरपर्यंत मोजली, नंतर सोडून दिलं.

२७ एप्रिल, शनिवार

समाजशास्त्र.

पस्तिसावा प्रश्न उघडला आणि मी त्याला ओळखलं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एकाचा पडदा गोठला होता. मदतीच्या फोनवरच्या माणसाने मला सांगितलं, पडद्यासमोरून हलू नका. पंचवीस मिनिटं उभी होते. भिंतीकडे तरी किती वेळ बघणार? एक आलेख होता आणि खाली प्रश्न. तो मी वाचला, आणि घरी येऊन निव्वळ कुतूहलापोटी त्याचं उत्तर शोधलं. नंतर विसरून गेले. निदान तसं वाटत होतं. (प्रश्न इथे लिहीत नाही. तसं सही करून दिलंय.)

तो विषय वेसच्या पुस्तकातही होता, सहाव्या धड्यात. मी तो दोनदा वाचला होता. म्हणजे उत्तर मला पुस्तकातून येत होतं की त्या पडद्यावरून, हे ठरवता येईना. पण घोषणेवर माझी सही होती. आर्लो दाराशी बसून माझ्याचकडे बघतोय असं वाटत राहिलं.

मी मुद्दाम चुकीच्या उत्तरावर खूण केली.

खूण केल्यावर पुढचे तीन प्रश्न भराभर सुटले. मला वाटलं, आपण योग्य केल्याचं हे लक्षण.

एकोणपन्नास गुण.

२८ एप्रिल

ड्वेनला जेवताना सांगितलं. बटाट्याचं हॉटडिश, ओव्हनमध्ये भाजतात ते, केलं होतं. त्याने काटा खाली ठेवला.

"पुन्हा सांग. तू मुद्दाम चुकीचं उत्तर दिलंस?"

"हो."

"बरोबर माहीत असताना?"

"माहीत होतं म्हणूनच."

"आमच्या कारखान्यात कोणी बॉयलरचा काटा बरोबर दिसतोय म्हणून मुद्दाम चुकीचा करून ठेवला असता ना, तर आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं असतं."

"तो प्रश्न मी आधी पाहिला होता, ड्वेन."

"तीन वर्षांपूर्वी! परवा आपल्या गाडीचा नंबर आठवत नव्हता तुला."

"गाडी नवी आहे."

"दोन वर्षांची आहे!" मग त्याने पाण्याचा पेला दूर सरकवला. आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "गेल, तुला पास व्हायचंच नाहीये."

"असं कसं बोलतोस? नव्वद मैल जाते मी दर खेपेला. मजा म्हणून?"

"जातेस खरी." त्याने ताटल्या उचलल्या आणि माझी पाळी असताना धुतल्या.

मी यावर प्रामाणिकपणे विचार केला. त्याचं म्हणणं चूक आहे. एका प्रश्नाला एक गुण असं सरळ गणितही नसतं. काही प्रश्न तर मोजतच नाहीत. त्या प्रश्नामुळेच गेलं असं म्हणता येणार नाही. आणि गेलं असलं तरी ते सचोटीपायी गेलं. ड्वेन भला माणूस आहे, पण सचोटी कुठे संपते आणि भीती कुठे सुरू होते हे त्याला कळत नाही.

१ मे

ओझेलाबाईंना फोन केला. उत्तर मुद्दाम चुकवल्याचं सांगितलं नाही, फक्त गुण सांगितले.

"एकोणपन्नास! अरे देवा." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "आमच्याकडे पन्नास म्हणजे पन्नास. तू माझी सख्खी बहीण असतीस तरी मी काही करू शकले नसते. पण एक सांगते, माझं नाव घेऊन कुठे बोलू नकोस. प्रत्येक कॉलेज आपला आकडा आपण ठरवतं. ब्लू प्रेअरी त्या विषयात सत्तेचाळीसला घेतं."

"म्हणजे जिथे माझं नापास पास ठरतं तिथे जायचं?"

"अगं, मार्क तेच, उंबरठा वेगळा. कुठला उंबरठा देवाने स्वतः बसवलाय?"

"मला ते पळवाट शोधल्यासारखं वाटतं."

"तुला काय वाटत नाही ते सांग, ती यादी लहान असेल." मग हसू आवरून म्हणाल्या, "नाहीतर आमच्याकडेच राहा. एखादी नवी परीक्षा दे, तीन क्रेडिटची. पर्यावरणाची देता येईल, त्या विषयाचे क्रेडिट तुझ्याकडे आधीचे नाहीत. पण बारा जूनच्या आत."

अकरा मेची ठरलेली परीक्षा सोडली तर आर्लोकडे आठ जूनच्या आधी जागा नाही. आणि ब्लू प्रेअरीच्या उन्हाळी सत्राची नोंदणी एकतीस मेला बंद होते. म्हणजे आधी एक दार निवडायचं, मग दुसरं बंद होणार. ब्लू प्रेअरी घेतलं तर पदवी नक्की, पण ऑगस्टात, पद गेलं. केंडल फॉल्सला राहिले आणि आठ जूनला नापास झाले, तर पदही नाही आणि पदवीही नाही. मग पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी मी हे सगळं पुन्हा करीन का? नाही करणार. हे मला ठाऊक आहे आणि त्याचीच भीती वाटते.

१२ मे

काल आठवी परीक्षा झाली. पंचावन्न. केंडल फॉल्सचा विषयही घरून पुरा केला, आता फक्त तीन क्रेडिट कमी.

परीक्षा मंडळाला पत्र लिहायला बसले: मी एक प्रश्न आधी पाहिला होता. कुठला, ते लिहिल्याशिवाय पत्राला अर्थ नाही. लिहिला तर प्रश्न उघड न करण्याचं वचन मोडतं. चार मसुदे केले. चौथ्यात नुसतं लिहिलं, "एका प्रश्नाबाबत माझं मन साशंक आहे." हे वाचून ते काय करणार? फाडून टाकले.

२१ मे

वेसला विश्वासात घेतलं. म्हटलं, एक जुलैपासून बहुतेक तू प्रमुख होशील. किल्ल्या, पासवर्ड, नोंदवह्या, सगळं आतापासून दाखवून ठेवते.

"नको बॉस, मला ते पद नको."

"संकोच करू नकोस."

"खरंच नको. मला लोकांशी कडक बोलता येत नाही. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्याला टोपी काढा म्हणायला मला दहा मिनिटं लागली."

"शिकशील."

"मला नाही व्हायचं प्रमुख. तुम्ही राहा."

हवं असलेलंही तीनदा नाकारायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे मी मनावर घेतलं नाही. पण जाताना दारातून त्याने चौथ्यांदा म्हटलं, "मला नकोय, सांगून ठेवतो." चौथ्यांदा म्हणायची रीत नाही. मी विचारात पडले. कदाचित त्याच्या आईवडिलांकडे पाचदा म्हणत असतील.

३१ मे, शुक्रवार

ब्लू प्रेअरीचा अर्ज संगणकावर भरायला घेतला. हेच शहाणपणाचं आहे हे ठरवून घेतलं होतं. मार्गोलाही सकाळी सांगितलं की ऑगस्टपर्यंत होणार नाही. ती म्हणाली, "तुझी मर्जी. मी एक जुलैचा नियम लांबवायचा प्रयत्न केला, दोनदा वर लिहिलं. ऐकत नाहीत." तिने असं का लिहिलं असेल? दुसऱ्या कोणाला तरी वाचवायचं असेल.

अर्जात एक रकाना होता: आधीचं शिक्षण अर्धवट सोडण्याचं कारण. हाताच्या सवयीने लिहिलं, आईचं आजारपण. खाली आणखी एक घोषणा होती, वरील सर्व खरं आहे. इतक्या वर्षांत हे तोंडाने किती जणांना सांगितलं, पण त्याखाली सही कधी केली नव्हती. खोडलं. लिहिलं, घाबरले. तो शब्द पडद्यावर इतका लहान दिसला की मला हसू आलं. घाबरून सोडलेलं शिक्षण आता सत्तेचाळीसच्या उंबरठ्यावरून पुरं करायचं, कारण आठ जूनची भीती वाटते! असं मी लिहिणार होते का? तसं कोणी विचारलेलं नव्हतं. पण दुसरं काही सुचेना.

अर्ज तसाच बंद केला आणि आर्लोकडची आठ जूनची जागा घेतली.

पंधरा मिनिटं फार हलकं वाटलं. मग घड्याळ पाहिलं. आता ब्लू प्रेअरीची नोंदणीही बंद झाली असेल. मी हे काय केलं?

५ जून

ड्वेन रोज जेवताना प्रश्न विचारतो. पर्यावरणाचं पुस्तक त्याने माझ्याआधी वाचून संपवलं.

"नायट्रोजन जमिनीत कसा जातो?"

"जिवाणू."

"आणि जास्त झाला तर?"

"नदीत उतरतो. शेवाळ माजतं."

"आणि बीटची साखर कमी होते. ते पुस्तकात नाही, पण लिही."

"ते विचारणार नाहीत, ड्वेन."

"विचारायला हवं. साडेसहाशे माणसं जगतात त्याच्यावर."

रात्री झोप नाही. डोळे मिटले की पस्तिसावा प्रश्न. तसाच एखादा पुन्हा आला तर या खेपेला काय करीन, ते मला माहीत नाही.

८ जून, शनिवार

गाडी ड्वेनने चालवली. म्हणाला, शहरात त्याला स्क्रू घ्यायचे आहेत. स्क्रू लिंडहोमलाही मिळतात.

ओळखीचा प्रश्न एकही आला नाही. तो येईल अशी मी शेवटपर्यंत वाट बघत राहिले. शंभरातले तीसेक प्रश्न अंदाजाने सोडवले. वेळ संपायला नऊ मिनिटं असताना शेवटचं बटण दाबलं, आणि नेहमीचा पडदा आला: तुमचे गुण पाहायचे आहेत की परीक्षा रद्द करायची आहे? रद्द केल्यास गुण कोणालाही, तुम्हालाही, कधीच कळणार नाहीत.

आठ वेळा मी या पडद्यावर न थांबता 'पाहायचे' दाबलंय. आज बोट उचलेना.

रद्द केलं तर मी नापास झाले असं कोणी म्हणू शकणार नव्हतं. मीसुद्धा नाही. बारा तारीख निघून जाईल, जुलै येईल, मी वेसच्या हाताखाली काम करीन, आणि माझ्याविरुद्ध कुठेही काही लिहिलेलं नसेल. किती स्वच्छ. मला ते इतकं हवंसं वाटलं की लिहायला लाज वाटते. ड्वेन बाहेर गाडीत बसलेला होता. त्याला काय सांगायचं तेही मी जुळवून ठेवलं: तब्येत बिघडली. वाक्य तयार झालं आणि लगेच खरंसुद्धा वाटायला लागलं.

खोलीतले बाकीचे एकेक करून गेले. आर्लो शेजारी येऊन उभा राहिला. पडद्याकडे न बघता, भिंतीकडे बघत.

"मॅडम, काही अडचण?"

"नाही."

"तुम्ही वीस मिनिटं अशाच बसलात. मला नोंद करावी लागेल."

"काय नोंद?"

"तेच कळत नाहीये. याला नियमात रकाना नाही." मग पहिल्यांदाच ओळख दाखवून हळूच म्हणाला, "तुमच्याकडे असं झालं तर तुम्ही काय करता?"

"थांबते," मी म्हणाले.

"मग मीही थांबतो." तो दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला. केंद्र बंद व्हायची वेळ होऊन गेली होती. त्याचा जेवणाचा डबा टेबलावर तसाच, बांधलेला. त्याने घड्याळाकडेही पाहिलं नाही. माझ्यापायी कोणी उपाशी बसलंय हे मला सोसवत नाही. आणखी पाच मिनिटं सोसलं. मग त्या डब्याकडे बघत मी 'पाहायचे' दाबलं.

चोपन्न.

नीट वाचलं. आकडा झाकून पुन्हा उघडला. चोपन्नच होते.

आर्लोने कागदावर सही घेतली आणि एवढंच म्हणाला, "वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. गाडीत बसल्यावर ड्वेनने स्क्रूची पुडी दाखवली. मी आकडा सांगितला. तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. मला वाटलं हसतोय, पण तो बराच वेळ तसाच होता. शेवटी म्हणाला, "चला."

हमरस्त्याला लागल्यावर मी म्हणाले, "पंचेचाळीसच्या वर जाऊ नकोस."

"पासष्टचा रस्ता आहे हा."

"गुण पोचायला दोन दिवस लागतात. तेवढ्यात अपघात झाला तर?"

"गेल!"

"मी मेले तर मेलेल्या माणसाला पदवी देतात का, ते नियमात बघितलेलं नाही."

नव्वद मैल त्याने पंचेचाळीसनेच गाडी नेली. मागे ट्रक, ट्रॅक्टर, एक शाळेची बस साचत गेली, भोंगे वाजत राहिले, आणि पुढे निघून जाणाऱ्या प्रत्येकाची मी काचेतून हात हलवून माफी मागत होते.